सणाच्या ताटातली ज्वारी

सोयाबीनची रास घरात येते, रानात ज्वारीचे कोंब मातीतून डोकं वर काढतात आणि त्याच सुमाराला घाटनांदूरच्या आमच्या बाजारगल्लीत एक वास उतरतो. वेलदोड्याचा, तुपाचा आणि तापलेल्या पत्र्याचा. दिवाळीसाठी बेकरीची भट्टी दिवसभर पेटती राहायला लागते. गल्लीतल्या बाया मैदा, रवा, तूप, पिठीसाखर पिशवीत घालून बेकरीत जातात, नंबर लावतात, पायरीवर बसून गप्पा मारतात आणि ऊन कललं की नानकटाईनं भरलेले डबे कमरेवर घेऊन परत निघतात. आमचं किराणा दुकान बेकरीच्या तिरकं समोर. त्यामुळं हा वास आमच्याकडं सगळ्यात आधी येतो, साखरेच्या पोत्यांवर बसतो, माझ्या पदराला लागतो.

यंदाही तो आला. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. स्टेशनकडून गाडीची शिट्टी ऐकू आली आणि मग पुन्हा सगळं शांत झालं. मी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं परसातली चूल आली, तिच्यावरची कढई, कढईतली गरम वाळू, आणि त्या वाळूपाशी गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसलेली सुनंदा.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. पाटोद्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या, इतकी बारीक. पण हाताला चव अशी, की दिवाळीत नानकटाईचं पीठ मळायचं काम पहिल्याच वर्षी तिच्याकडं गेलं. बेकरीत पीठ त्यांचे कारागीर मळतात, पण सुनंदाचं घरून मळून जायचं. तूप आणि साखर ती हातानं इतकी फेसायची, की परातीत पांढरा ढग उतरल्यासारखा दिसायचा. बेकरीवाले चाचा म्हणायचे, "ये पत्रा पाटलाचा, ये पत्रा गुरुजींचा, आन् ये सुनंदाभाभीचा. हाथ लगाने का नहीं." तिच्या नानकटाईला वरून एक बारीक चीर जायची, फुलायला लागलेल्या कळीसारखी.

आणि दिवाळी संपता संपता ती अंथरूण धरायची.

फक्त दिवाळीतच नाही. पोळा झाला की, दसरा झाला की, होळीची पुरणपोळी झाली की. पोट फुगायचं, उलट्या व्हायच्या, चार-आठ दिवस डोळे उघडवायचे नाहीत. लोक नाना गोष्टी बोलायचे. कुणी म्हणायचं नजर लागते, कुणी म्हणायचं माहेरी लाडावलेली आहे. शेजारच्या एका बाईनं तर माझ्यासमोरच विचारलं होतं, "कावून गं, तुमच्या सुनंदाला सणालाच बरं कसं न्हाई वाटत? भांडी घासायला लागत्यात म्हणून का?" सुनंदा आतल्या खोलीत होती. तिला ऐकू गेलं. तिनं उठून भांडी घासली आणि दुसऱ्या दिवशी तिला सलाइन लावावं लागलं.

मधल्या वर्षांत दोनदा तिची कूस भरली आणि दोनदा रिकामी झाली. तिचे यजमान, म्हणजे माझे दीर महेशभावजी, मुळातच कमी बोलणारे. ते त्यानंतर आणखी गप्प झाले. घरात कुणी कुणाला दोष दिला नाही. पण दोष कुठंतरी बसून होता, ओट्यावर ठेवून विसरलेल्या भांड्यासारखा. येता-जाता सगळ्यांना दिसायचा.

आमच्या सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो. त्यांचा सुनंदावर जीव होता, हे मी शपथेवर सांगेन. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी ही बाई पूजा झाली की आधी दुखण्यातून उठलेल्या सुनंदासाठी खीर शिजवायला बसायची. गव्हाची खीर. गहू भिजवून, कांडून, दूध आणि गूळ घालून मऊसूत शिजवलेली. "खा पोरी, अंगाला लागंल," म्हणत वाटी तिच्या हातात द्यायच्या आणि संपेपर्यंत समोर बसायच्या. सुनंदा संपवायची.

त्या वर्षी, म्हणजे चुलीवर ती वाळूची कढई चढली त्या दिवाळीच्या जरा आधी, भावजी तिला लातूरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. रक्त तपासलं, मग तोंडातून दुर्बीण घालून आतडं पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलं, की गव्हात एक चिवट अंश असतो, तो हिच्या आतड्याला सोसत नाही. वर्षानुवर्षं आतलं अस्तर झिजत आलंय. गहू, मैदा, रवा, शेवया जन्मभर बंद. कणभरसुद्धा नको. आणि अस्तर भरून येईपर्यंत दूध, तूप, लोणीही नको.

सोप्यात बसून भावजींनी हे सगळं सांगितलं. आत्याबाई जपमाळ हातात धरून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "गव्हानं कुणी आजारी पडतं व्हय? मग सगळं जगच आजारी पडलं असतं."

"आई, तपासणीत निघालंय," भावजी म्हणाले.

"तपासणीत काय बी निघतंय." त्या उठून आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मी मात्र भिंतीला टेकून हिशेब जुळवत होते. आमच्या घरात रोजची भाकरीच. ज्वारीची, पिठलं-ठेच्याबरोबरची. गहू यायचा तो सणाला, नाहीतर सुनंदाच्या खिरीपुरता. म्हणजे जे दिवस आम्ही आनंदाचे म्हणून मोजत आलो, तेच या पोरीचे आजाराचे दिवस होते. घरात रांगोळी उजळत होती तेव्हा तिचं पोट आतून सोलून निघत होतं. आणि आजारातून उठायची तेव्हा आम्ही तिला बळ यावं म्हणून खीर देत होतो.

सुनंदाचं तोंड मला अजून दिसतं. ती रडली नाही. ती हसली. मला म्हणाली, "अक्का, म्हंजे खरंच काहीतरी हाय मला. मी उगी न्हवते करत." त्या हसण्याचं मला फार वाईट वाटलं. स्वतःचा आजार खरा निघाला म्हणून माणसाला इतकं हलकं वाटावं?

पण पुढं दिवाळी होती. आत्याबाईंनी पाटोद्याला फोन लावून सुनंदाच्या भावाला सांगितलं, की भाऊबीजेला या आणि बहिणीला चार-सहा महिने घेऊन जा. "इथं सणासुदीला सगळीकडं गव्हाचं पीठ. तिचं पथ्य कसं सांभाळायचं?" शब्द काळजीचेच होते. पण चार-सहा महिन्यांचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. अशा गेलेल्या बाया कधीकधी परत येत नाहीत, कुणी आणायला जात नाही, आणि मग कुणी त्याबद्दल बोलतही नाही. सुनंदानं त्या दिवशी आपल्या साड्या ट्रंकेतून काढून परत घडी घालून ठेवल्या. सगळ्याच साड्या.

भट्टीचा वास सुरू झाला होता. ती खिडकीशी उभी राहून तो घेत होती. मी म्हटलं, "सुनंदा, आपण ज्वारीची नानकटाई करून बघू."

ती वळली. "सणाला ज्वारी? आत्याबाई काय म्हणतील?"

तिचं चूक नव्हतं. आमच्याकडं सणाच्या दिवशी भाकरी थापत नाहीत. ज्वारी रोजची, कष्टाची, रानात फडक्यात बांधून न्यायची. ती सणाच्या ताटात बसत नाही.

मी आधी चाचांकडं गेले. म्हटलं, ज्वारीचं पीठ आणून दिलं तर भाजून द्याल का? त्यांनी हातावरचा मैदा झटकला. भट्टीच्या उजेडात ती धूळ सोनेरी होऊन तरंगत राहिली. तिच्याकडं बोट करून ते म्हणाले, "भाभी, देता येईल, पण देणार न्हाई. इथं हवेत बी मैदा हाय. बेटीला त्रास झाला तर मला दिवाळी गोड लागंल का?" मग आत जाऊन त्यांनी एक कोरा पत्रा आणला, कधी भट्टीत न गेलेला. "घरी कढईत वाळू तापवा, वर हा ठेवा. झाकणावर निखारे. खालून कमी, वरून जास्ती."

पिठाचंही तेच. गिरणीत ज्वारी दळायची, तर आधी कुणाचा तरी गहू दळलेला असणार. मग जातं आठवलं. माळवदाच्या कोपऱ्यात पडून होतं, लग्नात हळद दळण्यापुरतं खाली यायचं. भावजींनी ते उचलून परसात आणलं. आम्ही दोघींनी धुतलं, वाळवलं आणि मूठभर ज्वारी दळून ते पीठ टाकून दिलं. तरी पहिल्या दळणात मागच्या लग्नाची हळद निघाली. पहिली नानकटाई पिवळीधमक झाली. आणि पत्र्यावरून उचलायला गेलो तर हातात भुगा. सुनंदा त्या पिवळ्या भुग्याकडं बघून म्हणाली, "अक्का, ही नवरी उभीच ऱ्हाईना की." कितीतरी महिन्यांनी ती अशी हसत होती.

ज्वारीला चिकटपणा नाही, हेच तिचं चांगलं आणि हेच वाईट. दुसऱ्या खेपेला आम्ही भाकरीसारखं आधणाचं पाणी घालून पीठ मळलं, तर नानकटाई इतकी टणक झाली की भावजींनी ती दाताखाली धरून तशीच परत काढली आणि खिशात टाकली. तिसऱ्या खेपेला तुपाऐवजी खोबरेल घातलं. आत्याबाई परसाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "डोक्याला लावायचं तेल पोटात घालताव का आता?" आणि निघून गेल्या. वास खरंच वेणीचा येत होता.

ते दिवस आठवले की मला वेळ आठवत नाही, फक्त ऊन आठवतं. ऑक्टोबरचं, तिखटपणा ओसरलेलं. दोरीवर वाळणाऱ्या लुगड्याची सावली जात्यावर हलायची. कुंपणापलीकडं कुणाच्या तरी खळ्यावर भुसा उडायचा आणि तो उन्हात इतका हळू खाली यायचा, की वाटायचं, आता कुठंच पोचायची घाई नाही. कढईतली वाळू तापली की तिचा एक कोरडा, जुना वास यायचा. सुनंदा हातात फडकं धरून त्या झाकणाकडं बघत बसायची. मी तिच्याकडं बघायची. तिच्या गालांवर आचेचा रंग यायचा आणि क्षणभर ती आजारी दिसायची नाही.

मार्ग तिनंच काढला. शेंगदाणे भाजून ती पाट्यावर वाटायला लागली. नुसता कूट नाही, तेल सुटून त्याचं लोण्यासारखं होईपर्यंत. त्यात पिठीसाखर घालून हातानं फेसू लागली, पूर्वी तूप फेसायची तशी. ढग पांढरा नव्हता, मातकट होता, पण ढगच होता. जवस रात्रभर भिजवून ठेवलं होतं, त्याचं बुळबुळीत पाणी तिनं थोडं थोडं घातलं. वेलदोडा, चिमूटभर जायफळ. पीठ गोळ्यात धरलं गेलं. तिनं तो गोळा माझ्या तळहातावर ठेवला.

पण दळलेलं पीठ संपत आलं होतं आणि सणासाठी डबाभर करायचं तर आणखी दळायला हवं होतं. सुनंदाच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. चार फेऱ्यांत तिला धाप लागायची. मी दुकानात अडकले होते. परत आले तेव्हा परसातून जात्याची घरघर येत होती. दारातच थांबले.

जात्याच्या एका बाजूला सुनंदा, दुसऱ्या बाजूला आत्याबाई. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. आत्याबाईंच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

मग आत्याबाई जात्याकडं बघतच म्हणाल्या, "खीर मीच घालत होते तुला. माझ्या हातानं. बळ यावं म्हणून."

सुनंदा थांबली नाही. जातं फिरतच राहिलं.

"डॉक्टर म्हणतो तसं असंल, तर मग मीच की गं..."

तेव्हा मला कळलं, की त्यांना आजार पटत नव्हता असं नाही. तो कबूल केला असता तर स्वतःचे हात बघायची हिंमत त्यांना झाली नसती.

सुनंदा म्हणाली, "आत्याबाई, तवा कुणालाच ठावं नव्हतं. मला बी न्हाई." मग म्हणाली, "आन् खीर लई गोड व्हायची तुमची."

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं, मूठभर ज्वारी जात्यात टाकली आणि म्हणाल्या, "हात हळू चालव. तुला धाप लागतीया."

त्या दिवशी नानकटाई नीट झाली. झाकण उघडलं तेव्हा सगळ्यांवर ती बारीक चीर गेलेली होती. रंग भाकरीच्या पापुद्र्यासारखा, वास भाजलेल्या शेंगदाण्याचा. सुनंदानं एक उचलली, फुंकर घातली, खाल्ली. मग आणखी एक. मग तिसरीकडं हात गेला आणि ती दचकून थांबली, आमच्याकडं बघून म्हणाली, "भूक लागली मला." जणू ओळख न पटणारं कुणी दारात आलं होतं. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. आत्याबाई गडबडीनं भाकरी टाकायला उठल्या. सणाचा दिवस होता. कुणाला आठवलंही नाही.

पाडव्याला शेजारी फराळाची ताटं गेली, त्यात लाडू-चकलीच्या शेजारी ज्वारीची नानकटाई होती. ताटं आत्याबाईंनी स्वतः लावली. भांडी घासण्यावरून बोललेल्या त्या बाईकडं त्या स्वतःच ताट घेऊन गेल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "माझ्या धाकटीनं केलीया. तिला गहू चालत न्हाई. आजार हाय तिला." शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं.

भाऊबीजेला पाटोद्याहून भाऊ आला. साधा, भला माणूस. ओवाळून झालं. ताटातली नानकटाई खाऊन तो म्हणाला, "ह्यात काय घातलंय?" सगळे नुसतेच हसले. मग तो म्हणाला, "ताई, ट्रंक भरलीस का? बस चुकायला नको."

सुनंदा खाली बघत राहिली. भावजींच्या हातातला पेला तसाच राहिला. आत्याबाई आत गेल्या आणि एक कापडी पिशवी घेऊन बाहेर आल्या. दोन साड्या आणि नानकटाईचा लहान डबा, एवढंच तिच्यात मावत होतं.

"ट्रंक न्हाई," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांचं सामान हाय. नवव्या दिवशी आणून सोडा. आन् तिथं तिच्या तव्यावर चपाती टाकू नका कुणी."

ती गेली आणि ठरल्या दिवशी आली. लगेच सगळं सरळ झालं असं नाही. एका लग्नात कुणाच्या तरी आग्रहाखातर एक घास गेला आणि महिना वाया गेला. भावजींनी चपाती सोडली, ती अजून खात नाहीत. विचारलं तर म्हणतात, आवडत नाही. मूल झालं नाही, पुढं त्यांनी तो विषय स्वतःहून मिटवला. पण तिच्या बांगड्या आता मनगटावर बसतात. स्टेशनच्या रस्त्यानं ती चालायला लागली की मला मागून हाक मारून तिला थांबवावं लागतं. आता दूध चालतं तिला, पण ज्वारीच्या नानकटाईत तूप ती घालत नाही. म्हणते, जी जशी उभी राहिली तशीच राहू दे.

मी डोळे उघडले. दुकानासमोर एक बाई उभी होती, सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. वडवणीहून आल्या होत्या. आमच्या गल्लीत त्यांचे पाहुणे होते, त्यांच्याकडून ऐकलं होतं. मुलीला नुकताच तोच आजार निघाला होता आणि तोंडावर दिवाळी. बाई म्हणाली, "ती ज्वारीची नानकटाई कशी करत्यात, तेवढं सांगा की. पोरगी रडती, समद्यांच्या डब्यात असती म्हणून." मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दोन वर्षं आमी म्हणत होतो, शाळंत जायचं न्हाई म्हणून ढोंग करती."

मी त्यांना आत परसात नेलं. सुनंदा जात्यापाशी होती. तिनं हात झटकले, मुलीकडं बघितलं. मुलीचे खांदे फ्रॉकमधून टोचत होते. आई विचारू लागली, पीठ किती, साखर किती, वाळू कशी तापवायची. सुनंदा म्हणाली, "सांगते. समदं सांगते. बसा तुमी, अक्का चहा आणतील." मग तिनं मुलीला जवळ घेऊन पायरीवर बसवलं आणि विचारलं, "कुठं दुखतं गं?"

मुलीनं आईकडं बघितलं.

"तिकडं नको बघू. मला सांग."

मुलीनं बेंबीच्या वर हात ठेवला. मग हळूहळू बोलायला लागली. सकाळी कसं दुखतं, बाकावर बसलं की कसं दुखतं, बाई रागावल्या की दाबून कसं धरावं लागतं, मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक खाल्ला त्या दिवशी काय झालं. सुनंदानं मध्ये एक शब्द टाकला नाही. चहा झाला, थंड झाला. मुलगी बोलत होती. आईनं पदर तोंडाशी धरला होता.

शेवटी मुलीचं बोलणं संपलं. ती सुनंदाच्या तोंडाकडं बघत राहिली, आता ही काय म्हणते म्हणून.

सुनंदा म्हणाली, "हं. असंच दुखतं."